पौष-माघातील घरखर्च आणि घरचे अन्न

खरिपाची सुगी संपून माल खळ्यावरून घरी आलेला असतो, तूर काढणीस आलेली असते, रब्बीची ज्वारी हुरड्यावर येत असते आणि मळ्यात वांगी, गाजर, मेथी, पावटा, ओला हरभरा यांची रेलचेल असते. कोरडवाहू भागातील शेतकरी कुटुंबाच्या हाती वर्षात पैसा येतो तो बहुधा याच दिवसांत. हाच काळ सणांचा, यात्रांचा आणि पाहुण्यांचाही असतो. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीपासून माघातील रथसप्तमीपर्यंत घरात काही ना काही निमित्त असते. नाताळच्या सुटीत शहरातील नातलग मुलाबाळांसह गावी येतात. यामुळे ज्या दोन महिन्यांत वर्षाची बेगमी व्हावयाची, त्याच दोन महिन्यांत पैसा हातून निसटण्याचा संभव अधिक असतो.

काटकसर म्हणजे पोटाला चिमटा घेणे नव्हे. जे घरच्या शेतात उत्तम पिकते ते प्रथम घरच्या ताटात पडावे, ते वाया जाऊ नये आणि जे घरी होऊ शकते त्यासाठी बाजारात पैसा मोजावा लागू नये, हा काटकसरीचा खरा अर्थ होय. हिवाळा हा या दृष्टीने सर्वांत सोयीचा ऋतू आहे. भाजीपाला स्वस्त असतो, हवा कोरडी असल्याने धान्य व वाळवणे टिकतात आणि परंपरेने चालत आलेला या दिवसांचा स्वयंपाक मुळातच पौष्टिक आहे.

विक्रीपूर्वी घरचा वाटा

अनेक घरांत असे दिसून येते की, देणी भागविण्याच्या घाईत तूर, हरभरा, भुईमूग व तीळ यांची सर्वच्या सर्व विक्री केली जाते आणि दोन-तीन महिन्यांनी तीच डाळ व तेच शेंगदाणे किरकोळ भावाने दुकानातून आणले जातात. सुगीच्या दिवसांत आवक वाढल्याने भाव उतरलेला असतो. पुढे तो चढतो. मधला फरक, वाहतूक, अडत आणि दुकानदाराचा नफा हे सर्व त्या कुटुंबाच्याच खिशातून जाते. याहून मोठी हानी अशी की, पैसे हाताशी नसले म्हणजे डाळ आणणेच बंद होते आणि भाकरीबरोबर केवळ चटणी उरते.

यास्तव माल बाजारात नेण्यापूर्वी घरचा वाटा मोजून बाजूला काढावा. पाच माणसांच्या कुटुंबास माणशी सरासरी 60 ग्रॅम डाळ धरली तर दररोज 300 ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे 110 किलो डाळ व कडधान्य लागते. यांपैकी निम्मी तूरडाळ धरल्यास 55 किलो डाळ हवी. तुरीची डाळ सुमारे 70 टक्के उतरते असे धरले, तर सुमारे 80 किलो तूर राखून ठेवावी लागेल. उरलेली गरज हरभरा, मूग, उडीद व मटकी यांतून भागते.

तृणधान्याचाही असाच हिशेब करावा. लहानमोठी माणसे मिळून दररोज दीड किलो, म्हणजे महिन्याला सुमारे 45 किलो धान्य लागते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते व ते जानेवारी 2023 पासून मोफत आहे. अशा पाच माणसांच्या घरात 25 किलोची सोय होते. उरलेले 20 किलो, म्हणजे वर्षाकाठी 240 किलो, घरची बाजरी किंवा ज्वारी असावी. शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळतो म्हणून सर्व बाजरी विकून टाकणे हितावह नाही. त्याचे कारण पुढे दिले आहे.

तूर घरी भरडावयाची असल्यास जुनी रीत अद्याप उपयोगी आहे. तूर भिजवून तिला लाल माती चोळावी, रात्रभर दडपून ठेवावी, उन्हात कडकडीत वाळवावी आणि नंतर जात्यावर भरडावी. माल अधिक असल्यास गावात लहान डाळ गिरणी असणे सोयीचे पडते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल याच कामासाठी आहे. चुणी व टरफल घरच्या जनावरांस उपयोगी पडते, हा आणखी एक लाभ होय.

हिवाळ्यातील धान्याचे गुण

बाजरी हे हिवाळ्याचे धान्य मानले गेले, त्यास आहारशास्त्राचाही आधार आहे. 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 11 ग्रॅम प्रथिने आणि सुमारे 6 मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीत लोह सुमारे 4 मिलिग्रॅम असते. कोकणात व घाटमाथ्यावर पिकणाऱ्या नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. तिळात तर तो याच्या तिपटीहून अधिक भरतो. पॉलिश केलेल्या तांदळाची या बाबतीत बरोबरी होऊ शकत नाही. या धान्यांचे महत्त्व ध्यानी घेऊनच संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळले.

परंतु धान्यातील लोह शरीरास सहजासहजी मिळत नाही, कारण धान्याच्या कोंड्यातील काही द्रव्ये ते धरून ठेवतात. जेवणात आंबट व ताजे असे काही असले की हे लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. लिंबाची फोड, आवळ्याची चटणी, पेरू, बोरे, कच्च्या गाजर-मुळ्याची कोशिंबीर हे सर्व याच ऋतूत मुबलक मिळते. कडधान्ये मोड आणून खाल्ल्यानेही हाच लाभ होतो. उलट, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतल्याने लोहाचे शोषण कमी होते. म्हणून चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे.

बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. बाजरीत स्निग्धांश अधिक असतो आणि दळल्यावर त्यास हवा लागून पीठ खवट होते. यास्तव एका वेळी पाच ते आठ दिवसांपुरतेच पीठ दळून आणावे. महिन्याचे दळण एकदम करून नंतर पीठ फेकून देणे ही काटकसर नव्हे.

भोगीचा स्वयंपाक : एक नमुना

मकर संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीस येते. तिचा आदला दिवस भोगीचा. या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, मुगाची खिचडी, लोणी आणि चटणी असा बेत महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत होतो. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण प्रसिद्ध आहे. एका ताटात तृणधान्य, कडधान्य, तेलबी, शेंगभाजी, कंदमूळ, फळ व दुधाचा पदार्थ असे सर्व एकत्र आणणारा हा बेत वर्षातून एकदाच न करता हिवाळ्यात आठवड्यातून एकदा तरी करावा. यातील बहुतेक वस्तू शेतावरच्या असल्याने रोख खर्च फारच थोडा येतो.

पाच-सहा माणसांच्या भाजीसाठी पुढील प्रमाण घ्यावे : वांगी 250 ग्रॅम, गाजर 150 ग्रॅम, पावटा व घेवड्याच्या शेंगा 200 ग्रॅम, ओल्या हरभऱ्याचे सोलाणे 100 ग्रॅम, तुरीचे ओले दाणे 100 ग्रॅम, भिजविलेले शेंगदाणे 50 ग्रॅम, पाच-सहा बोरे, भाजून कुटलेले तीळ 30 ग्रॅम, दोन टेबलचमचे तेल, तसेच चिंच, गूळ, मीठ, तिखट व मसाला चवीपुरते.

तेलात मोहरी, जिरे व हळद घालून प्रथम शेंगदाणे, सोलाणे व तुरीचे दाणे परतावेत. भांड्यावर पाणी घातलेले झाकण ठेवून वाफ आणावी. हे पाणी तापल्यावर तेच भाजीत घालावे. दाणे अर्धे शिजले की गाजर व शेंगा, आणि सर्वांत शेवटी वांगी व बोरे घालावीत. म्हणजे सर्व भाज्या एकाच वेळी शिजतात आणि वांगी गळून जात नाहीत. उतरविण्यापूर्वी चिंच, गूळ व तिळाचे कूट घालून एक उकळी आणावी. भाज्या चिरण्यापूर्वी धुवाव्यात, चिरल्यानंतर धुवू नयेत; शिजविलेले पाणी ओतून टाकू नये.

तिळगूळ : पाकाशिवाय

संक्रांतीच्या लाडवांसाठी बाजारातून खास चिक्कीचा गूळ आणावा लागतो, पाक बिघडला तर सर्व माल वाया जातो आणि इंधनही जळते. रोजच्या वापराचा मऊ गूळ घेऊन पाक न करता लाडू करता येतात. तीळ 250 ग्रॅम व शेंगदाणे 250 ग्रॅम वेगवेगळे मंद आचेवर भाजावेत, दाण्यांची साले काढावीत आणि दोन्ही जाडसर कुटावेत. त्यात 300 ग्रॅम किसलेला गूळ व वेलदोड्याची पूड घालून पुन्हा कुटावे. तीळ-दाण्यांचे तेल सुटून मिश्रण आपोआप वळण्याजोगे होते. यातून 20 ग्रॅमचे 40 लाडू होतात. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ते सुमारे दोन आठवडे चांगले राहतात.

गुळाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गुळात थोडी खनिजे असली तरी तो मुख्यतः साखरच आहे. मधुमेह असलेल्या व्यक्तीने तो साखरेइतकाच जपून खावा. लाडवाचे पोषण प्रामुख्याने तीळ व दाण्यांत असते. म्हणून गूळ कमी व तीळ-दाणे अधिक, हे प्रमाण ठेवावे.

शेंगदाणे निवडताना काळवंडलेले, सुरकुतलेले व बुरशी लागलेले दाणे कटाक्षाने काढून टाकावेत. अशा दाण्यांवरील बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते भाजल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. हे दाणे किंवा त्यांची पेंड जनावरांसही घालू नये, कारण ते विष दुधात उतरते.

इंधनाची बचत

हिवाळ्यात गरम पाणी, चहा व शेकोटी यांमुळे इंधनाचा खर्च वाढतो. डाळी व कडधान्ये शिजविण्यापूर्वी भिजविणे, भांड्यावर नेहमी झाकण ठेवणे, उकळी येताच आच मंद करणे आणि प्रेशर कुकरमध्ये दोन पदार्थ एकाच वेळी शिजविणे या साध्या गोष्टींनी पुष्कळ बचत होते.

भुशाची पेटी हे आणखी एक बिनखर्चाचे साधन आहे. लाकडी खोके किंवा मोठी पाटी घेऊन तिला आतून गोणपाट लावावे आणि तळाशी व चहूबाजूंनी सुमारे 10 सेंटिमीटर जाडीचा कोरडा भुसा किंवा गव्हाचे काड दाबून भरावे. मध्ये भांडे घट्ट बसेल एवढीच जागा ठेवावी. मुगाची खिचडी किंवा भिजविलेली डाळ चुलीवर दहा मिनिटे चांगली उकळू द्यावी, झाकणासह ते भांडे लगेच पेटीत ठेवावे आणि वरून भुशाची उशी व गोधडी घालावी. दीड-दोन तासांत अन्न स्वतःच्या उष्णतेवर शिजते. भांडे मध्येच उघडू नये, आणि तीन तासांहून अधिक काळ त्यात अन्न ठेवू नये; कोमट अन्न लवकर बिघडते.

सुटीतील मुले आणि पाहुणे

सुटीत मुले घरी असली की दिवसातून अनेकदा खावयास मागतात. दोन-पाच रुपयांची पाकिटे दिसावयास स्वस्त असतात, परंतु त्यांत पीठ, तेल व मीठ यांपलीकडे फारसे काही नसते आणि महिन्याचा त्यांचा हिशेब मांडला तर रक्कम लहान राहत नाही. त्याऐवजी फुटाणे व गूळ, भाजलेल्या शेंगा, ज्वारीच्या लाह्या, उकडलेले रताळे, मोडाची उसळ, पेरू व बोरे हाताशी ठेवावीत. अगदी लहान मुलांस अख्खे दाणे व फुटाणे देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांना कूट द्यावे. मोठ्या मुलांना शेंगा फोडणे, तीळ निवडणे, मेथी खुडणे अशी कामे द्यावीत आणि घरखर्चाची वही लिहावयास लावावी. शाळेतील गणित वहीत उतरले म्हणजे ते पक्के होते, आणि घरात पैसा कोठे जातो हे मुलांनाही कळते.

पाहुण्यांचा आदर विकतच्या मिठाईनेच होतो असे नाही. शहरातून येणाऱ्यास कोवळ्या ज्वारीचा हुरडा, तिळाची व लसणाची चटणी, वांग्याचे भरीत, ताक आणि गरम भाकरी यांचे अप्रूप मिठाईहून अधिक असते. मात्र हुरड्यासाठी किती ओळी राखावयाच्या हे आधीच ठरवावे. कापणीचे कणीस आणि वैरणीचा कडबा दोन्ही मोलाचे आहेत.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे कार्यक्रम होतात. त्यांत वाण म्हणून प्लास्टिकच्या वस्तू लुटण्याऐवजी पालक-मेथीच्या बियांची पुडी, शेवग्याचे किंवा कढीपत्त्याचे रोप द्यावे. त्यातून परसबागेस चालना मिळते आणि वाण वर्षभर उपयोगी पडते.

पुढील महिन्यांची तरतूद

स्वस्ताईच्या दिवसांतील भाजीपाला चैत्र-वैशाखासाठी राखता येतो. मेथीची पाने निवडून, धुऊन सावलीत वाळवावीत. गाजराच्या चकत्या व ओले वाटाणे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे धरून, निथळून, पातळ कापडाखाली वाळवावेत. आवळे किसून थोडे मीठ लावून वाळविल्यास वर्षभर टिकतात. बोरे वाळवून त्यांचे बोरकूट करता येते. सर्व वाळवणे पूर्ण सुकल्यावरच हवाबंद डब्यात भरावीत.

धान्य साठविण्यापूर्वी ते चांगले वाळवावे. बाजरी-ज्वारीतील ओलावा 12 टक्क्यांहून कमी आणि कडधान्यातील 10 टक्क्यांच्या आत असावा. दाताखाली दाणा कटकन फुटणे ही घरगुती कसोटी होय. कडधान्यास भुंग्याचा उपद्रव शेतापासूनच सुरू होतो. म्हणून तूर भरडून डाळीच्या रूपात ठेवणे अधिक सुरक्षित असते. अख्खे कडधान्य ठेवावयाचे झाल्यास किलोमागे 5 मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवावे. विषारी गोळ्या राहत्या घरात किंवा खाण्याच्या धान्यात कदापि वापरू नयेत. त्यांच्या वायूने माणसे दगावतात.

काटकसर कोणाच्या ताटातून?

घरखर्च आवरावयाचा म्हटला की त्याचा पहिला भार बहुधा घरच्या स्त्रीवर पडतो. सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले खाणे, दूध-डाळ पुरुषांस व मुलांस वाढून स्वतः भाकरी-चटणीवर भागविणे ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की, ती कोणाच्या लक्षातही येत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत, सुमारे 54 टक्क्यांत, रक्तक्षय आढळला. सुगीच्या दिवसांत सकाळी चुलीपाशी, दिवसभर शेतात आणि रात्री पुन्हा चुलीपाशी राबणाऱ्या स्त्रीच्या ताटातून जी बचत होते, तिची किंमत पुढे दवाखान्यात आणि बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते. ती बचत नव्हे, ते कर्ज होय.

म्हणून या बाबतीत दोन नियम पाळावेत. पहिला असा की, कुटुंबाने एकत्र बसून जेवावे, किंवा ते शक्य नसेल तर सर्वांची ताटे, स्वयंपाक करणारीच्या ताटासह, एकाच वेळी वाढून ठेवावीत. दुसरा असा की, डेअरीला दूध घालण्यापूर्वी मुलांपुरते आणि गरोदर व स्तनदा स्त्रीपुरते दूध मापाने घरात काढून ठेवावे. अशा स्त्रियांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्याप्रमाणे नियमित घ्याव्यात. घरच्या आहाराने त्यांस जोड मिळते, परंतु आहार गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय केवळ भाषणाने पटत नाही. तो करून दाखवावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पुढील क्रमाने कार्यक्रम आखल्यास उपयुक्त ठरेल.

1. तूर बाजारात जाण्यापूर्वी प्रत्येक वस्तीवर एक बैठक घ्यावी. पती व पत्नी दोघांनाही बोलवावे आणि कुटुंबातील माणसे मोजून घरचा वाटा कागदावर मांडून द्यावा.
2. भोगीपूर्वी बचत गटात किंवा महिला मंडळात भाजी व पाकाशिवायचे लाडू यांचे प्रात्यक्षिक करावे. प्रत्येक सभासदाने घरची एक वस्तू आणावी. म्हणजे खर्च पडत नाही.
3. भुशाची पेटी गावातच मिळणाऱ्या सामानातून तयार करून त्यात खिचडी शिजवून दाखवावी, आणि वाचलेले इंधन घड्याळ लावून मोजावे.
4. हळदीकुंकवाच्या वेळी परसबागेच्या बियाण्याचे वाटप करावे.
5. इच्छुक कुटुंबांना घरखर्चाची साधी वही द्यावी. घरचे किती वापरले, विकत किती आणले आणि वाया किती गेले, असे तीनच रकाने पुरेत. मार्चअखेर या वह्या पुन्हा पाहाव्यात.

ज्या घरात सुरुवातीस एवढे सर्व जमणार नाही, तेथे केवळ एका गोष्टीचा आग्रह धरावा : विक्रीपूर्वी तुरीचा एक कट्टा घरात राहिला पाहिजे. कोठीत डाळ असली म्हणजे आषाढातील अडचणीच्या दिवसांतही ती ताटात येते. पेरणीच्या वेळी बियाणे व खतासाठी धावपळ चालू असताना घरातील माणसांच्या जेवणासाठी उधारी करावी लागू नये, यासाठीच पौषातील हा सर्व हिशेब आहे.